करदोट्याचा करार

याकोब गुरुजींशी माझी खरी ओळख झाली ती माझ्या मुलीच्या पाचवीला. विसरवाडीच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि चर्चच्या गल्लीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड केलं होतं. पाचवीसाठी सासूबाई ब्राह्मणपुरीहून आल्या होत्या. पाटा मांडून झाला, हळदकुंकू झालं, सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद आणि माझं चांगलं पेन ठेवून झालं. एवढ्यात दारात छत्री उभी राहिली आणि छत्रीमागून आवाज आला, ‘‘तीन दिवस थांबा.’’

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. कोणी अशुभ बातमी घेऊन आलंय असं त्यांना वाटलं.

गुरुजी आत आले. पाटा, कागद, पेन सगळं एकदा पाहून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पहिला मुद्दा. दिवस आठवा असतो, पाचवा नाही.’’ मग उभ्या उभ्याच त्यांनी यहूद्यांची गोष्ट सुरू केली. देवाने अब्राहामाशी करार केला. त्या कराराची खूण म्हणून प्रत्येक मुलाची आठव्या दिवशी सुंता करायला सांगितली. त्याच दिवशी त्याला नाव देतात. आठवा दिवस शब्बाथाला आला, म्हणजे ज्या दिवशी यहूदी माणूस काडीचंही काम करत नाही त्या दिवशी, तरी सुंता थांबत नाही. त्यांचं हे पाऊण तास चाललं. सासूबाई हात जोडून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, ‘‘पण भाऊ, आमनी तं पोरगी शे ना?’’

गुरुजी वाकून पाळण्यात डोकावले. म्हणाले, ‘‘मला माहीत आहे. मी तत्त्व सांगतोय.’’

असे होते याकोब गुरुजी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. चाळीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरं शिकवली आणि तेवढीच वर्षं रविवारी चर्चच्या मंडळीला शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवलं. दोन्हीकडे छडी एकच होती असं त्यांची बायको रूथबाई म्हणायची. उंची बेताची, पांढरा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला, मिशी पट्टी ठेवून आखल्यासारखी. छत्री बारा महिने. उन्हाळ्यात ती उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी आणि थंडीत मुद्दे मांडण्यासाठी. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा, आणि दर मुद्द्याला छत्रीचं टोक जमिनीवर. पावसाळ्यात बोलले की अंगणात तीन भोकं पडत. तिसऱ्या मुद्द्यापाशी ते कायम पहिल्याकडे परत जात, त्यामुळे चौथं भोक मी कधी पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी एक पण केला. दर रविवारी उपासनेनंतर शास्त्र पहिल्या पानापासून वाचायचं, काहीही गाळायचं नाही. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, महिन्यातून एकदा तालुक्याहून यायचे, बाकीचे रविवार गुरुजींचेच होते. आजवरच्या सगळ्या उपदेशकांनी सोयीचं तेवढं वाचलं, असा त्यांचा आरोप होता. कोण कोणाचा बाप, अशा लांबलचक वंशावळीसुद्धा ते छत्रीच्या ठेक्यात वाचून दाखवत. मंडळी डुलक्या घेत पाठिंबा देई.

अब्राहामाच्या सुंतेचा अध्याय आला तेव्हा मात्र कोणी डुलकी घेतली नाही. मी मंडळीतला नव्हे, पण रविवारी चर्चच्या पायरीवर बसायला मला आवडायचं. आत सावली होती, बाहेर महामार्गावरचे ट्रक होते, आणि दोन्हींच्या मधोमध गुरुजींचा आवाज. त्या दिवशी समोर पायरीवर मी आणि आणखी पाचसहा उपरे येऊन बसलो होतो. बातमी आधीच फुटली होती.

गुरुजींनी वाचलं. अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा होता हे दोनदा वाचलं. मग कोणाला नीट कळलं नसेल म्हणून पिशवीतून मक्याचं एक कणीस बाहेर काढलं. पहिल्या ओळीत बसलेली रूथबाई न हलता म्हणाली, ‘‘ते खाली ठेवा.’’ गुरुजींनी ठेवलं. बायकांच्या बाजूला पदर तोंडात गेले.

सायमन टायरवाला उठला. चौफुलीवर त्याचं पंक्चरचं दुकान. दिवसभर ट्रकवाल्यांशी अहिराणीत बोलून बोलून प्रार्थनाही तो अहिराणीतच करायचा. मंडळीच्या पंचांचा तो मुख्य, आणि गुरुजींचा पहिलीतला विद्यार्थी. त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘‘गुरुजी, तुमनं झायं का?’’

चर्च खो खो हसलं. गुरुजी रागावले नाहीत. त्यांना वर्गात प्रश्न आलेला आवडायचा, कसलाही असो. त्यांनी छत्री टेकवली आणि जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. ते म्हणाले, ही खूण देवाने कपाळावर दिली असती तर माणसाने ती मिरवली असती, दंडावर दिली असती तर बाह्या वर केल्या असत्या. दिली अशा जागी की बाजारात दाखवता येत नाही. म्हणजे ती लोकांसाठी नाही, ज्याची त्याला आठवण राहावी म्हणून आहे. शिवाय करार होता पुढच्या पिढ्यांचा, तुझी संतती ताऱ्यांइतकी करीन असा. मग जिथून पिढ्या येतात तिथेच सही. आणि आठ दिवसांच्या पोराने काय पुण्य केलेलं असतं? काही नाही. त्याने काही करण्याआधीच देव त्याला आपला म्हणून घेतो. कर्तृत्व मागाहून, वचन आधी.

‘‘यहूद्यांनी यासाठी जीव दिलेत,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘राजांनी बंदी घातली, आयांना मारलं, तरी त्यांनी सोडलं नाही. म्हणून हसून झालं असेल तर आता तोंडं पुसा.’’

सायमनने तोंड पुसलं. मीही पुसलं.

‘‘आणि आमचं झालेलं नाही,’’ गुरुजी पुढे म्हणाले, ‘‘कारण आपल्याला त्याची गरज नाही असं येशूच्या पहिल्या शिष्यांनी, म्हणजे प्रेषितांनी ठरवलं. त्यांचंही यावरून मोठं भांडण झालं होतं. काही जण म्हणत होते, परक्या जातीचा माणूस येशूकडे आला तर त्याने आधी सुंता करून यहूदी व्हावं. पेत्र म्हणाला, जे जू आपल्याला आणि आपल्या बापांना पेललं नाही ते त्यांच्या मानेवर कशाला? पौल तर याच्यापायी हातघाईवर आला. तो म्हणाला, खरी सुंता काळजाची. आणि ते यहूद्यांनाही नवं नव्हतं. त्यांच्या संदेष्ट्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, काळजावरची कातडी काढा म्हणून.’’

त्या रविवारपासून गुरुजींना या विषयाने झपाटलं. पुढच्या एक जानेवारीला चौफुलीवर सगळे एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. गुरुजी छत्री घेऊन एकेका माणसाला अडवत होते. नाताळपासून बोटं मोजा, आठवा दिवस कोणता येतो? मोजा. बसच्या कंडक्टरने तिकिटांचं पाकीट काखेत धरून मोजली. पंचवीस, सव्वीस करत एक तारखेला आठवं बोट आलं. ‘‘म्हणजे आज येशूची सुंता. आणि तुम्ही कॅलेंडर वाटताय,’’ गुरुजी म्हणाले. कंडक्टरने घंटी मारून गाडी काढली. पलीकडच्या गॅरेजातला मुसलमान मिस्त्री मात्र हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, ‘‘मुबारक हो गुरुजी.’’ त्या दिवशी विसरवाडीत आपलं बोलणं समजलेला तो एकच माणूस, असं गुरुजी नंतर सांगत फिरले.

आता एक गोष्ट मला आधीच सांगायला हवी होती. या मंडळीत बाप्तिस्मा नदीच्या डोहात व्हायचा, पाळकसाहेब माणसाला पाण्यात बुडवून वर काढायचे. पण पाण्यात उतरण्याआधी काठावर एक विधी होता. पुरुषाच्या कमरेचा काळा करदोटा कापायचा. आपल्याकडे पोर जन्मलं की करदोटा बांधतात, तो माणूस मरेपर्यंत राहतो, जुना झाला की नवा बांधतात. या मंडळीत जुनं आयुष्य संपलं याची खूण म्हणून तो काठावर कापला जाई. कापायचे गुरुजी. त्यासाठी चष्म्याच्या जुन्या डबीत एक छोटी कात्री होती, तिने दुसरं काहीही कापायला घरात बंदी होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी गुरुजी ती डबी दोन्ही हातांत धरून सगळ्यांच्या पुढे चालत. पाळकसाहेबसुद्धा मागे. तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या मंडळीत असं करत नाहीत हे मला माहीत होतं. एकदा तसं म्हणालो तर गुरुजी म्हणाले, ‘‘ती त्यांची उणीव.’’

आणि मग दित्याबाबा आला.

दित्याबाबा मूळचा तोरणमाळ भागातला. तरुणपणी बायकोला घेऊन ऊसतोडीला खाली उतरला तो परत वर गेलाच नाही. विसरवाडीच्या टोकाला त्याची झोपडी होती. पोरं सुरतकडे कामाला, वर्षातून एकदा होळीला यायची. त्याची बायको बुधीबाई पुष्कळ वर्षांपूर्वी मंडळीत आली. दित्याबाबा आला नाही. ती चर्चला जायची तेव्हा तो बाहेर महूच्या झाडाखाली तंबाखू मळत बसायचा आणि उपासना संपली की तिला घेऊन घरी जायचा. बुधीबाई वारली तेव्हा तिला मंडळीच्या दफनभूमीत पुरलं. दित्याबाबाने तिच्या शेजारची जागा पावलांनी मोजून ठेवली. तेव्हा त्याला कोणीतरी सांगितलं, इथे बाप्तिस्मा झालेल्यालाच जागा मिळते.

त्याच्या बोलीत सगळ्यांना तू. मास्तरला तू, तलाठ्याला तू, देवालाही तू. एका सकाळी तो गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला. छाती भात्यासारखी वाजत होती. म्हणाला, मास्तर, माझे दिवस फार नाहीत, मला पाण्यात बुडव, मला बुधीजवळ झोपायचंय. गुरुजींना फार आनंद झाला. त्यांनी त्याला चहा दिला, मुद्दे दिले, तयारीसाठी चार रविवार यायला सांगितलं. शेवटी करदोट्याचं सांगितलं.

दित्याबाबाने सदरा वर करून कमरेचा दोरा दाखवला. काळा रंग उडून राखाडी झालेला, तीन ठिकाणी विरलेला, विरलेल्या जागी गाठी. बुधीबाईने बांधलेला तो शेवटचा. ती दर दिवाळीला नवा बांधायची. ती गेली आणि त्याने बदललाच नाही. तुटत आला की त्याच तुकड्यांची गाठ मारायचा. दोरा आखूड होत गेला आणि दित्याबाबाही त्याच्याबरोबर बारीक होत गेला, म्हणून पुरला.

‘‘हा नाही कापायचा,’’ तो म्हणाला.

गुरुजींनी समजावलं. सगळ्यांचाच कापतात, त्यात दुःख मानायचं नसतं. दित्याबाबा ऐकत राहिला. चार रविवार तो आला, आत बसला, सुंतेवरचं सगळं ऐकलं, कारण गुरुजी अजून त्याच विषयात अडकले होते. चौथ्या रविवारी सगळे निघाल्यावर तो गुरुजींजवळ गेला. मी पायरीवर चपला शोधत होतो.

‘‘मास्तर, त्या यहूदी पोरांना कापायचं ते देवाने सांगितलेलं ना?’’

‘‘हो. देवाने स्वतः.’’

‘‘आणि ते तुमच्यावर नको, असं तुमच्या मोठ्या माणसांनी ठरवलं?’’

‘‘हो. मोठी सभा भरवून ठरवलं.’’

‘‘मग देवाने सांगितलेलं कापायचं तुला माफ झालं,’’ दित्याबाबा म्हणाला, ‘‘तर हा दोरा कापायचं कोणी सांगितलं?’’

गुरुजींनी छत्री उचलली. टेकवली नाही. तशीच हवेत धरून ते घरी गेले. मुद्द्यांशिवाय घरी गेलेले गुरुजी गल्लीने पहिल्यांदा पाहिले.

दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मला ओट्यावर बोलावलं. रूथबाई तांदूळ निवडत होती. गुरुजी म्हणाले की पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे, ती ऐकून मी हसलो तरी चालेल. अशी परवानगी मिळाल्यावर हसू येत नाही. पण थोड्या वेळाने आलं, काय करणार.

या गावातला पहिला बाप्तिस्मा याकोब गुरुजींचा. वय एकोणीस. बोर्डिंगात राहायचे आणि पेटीची किल्ली करदोट्याला बांधायचे. बाप्तिस्मा द्यायला दूरच्या प्रांतातून एक पाळकसाहेब आले होते. पायघोळ पांढरा झगा, कमरेला जाड गोफ, गोफाला गोंडे. काठावर सगळा गाव जमला होता, बाप्तिस्मा म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनी याकोबला पाण्यात बुडवलं आणि वर काढायला गेले तर तो वर येईना. किल्ली गोंड्यात अडकली होती. साहेब ओढायचे तर स्वतःच वाकायचे, याकोब उठायचा तर साहेबांना घेऊन खाली जायचा. दोघं दोनदा पाण्याखाली गेले. शेवटी साहेबांनी काठाकडे हात केला, कोणीतरी विळा दिला आणि त्यांनी करदोटा सप्पकन कापला. त्याबरोबर याकोब दोन्ही हात वर करून, ओरडत, सोड्याच्या बाटलीच्या बुचासारखा पाण्यातून बाहेर आला.

‘‘काठावरचे लोक गुडघ्यावर बसले,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘त्यांना वाटलं, दोरा तुटला म्हणून माझ्यात आत्मा आला. माझ्या नाकात पाणी गेलं होतं.’’

दुसरा माणूस पाण्यात उतरला तो सदरा वर करूनच, करदोटा पुढे धरून. पाळकसाहेबांना वाटलं, ही इथल्या लोकांची रीत दिसते, मान राखावा. त्यांनी आदराने कापला. लोकांना वाटलं, ही साहेबांची रीत. तिसऱ्याचा कापला, सातव्याचा कापला. दोघांची बोली जाणणारा तिथे एकच माणूस होता आणि तो दगडावर बसून नाक शिंकरत होता.

‘‘सांगायचं का नाही मग?’’ मी विचारलं.

‘‘त्या दिवसापर्यंत मला गावात कोणी याकोब म्हणून हाक मारली नव्हती. ए पोऱ्या म्हणायचे. त्या संध्याकाळी म्हातारी माणसं मला रस्ता सोडून बाजूला उभी राहिली,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘दुसऱ्या वर्षी सांगावं म्हटलं, तर दुसऱ्या वर्षी लोक विळा धुवून घेऊन आले होते. मीच म्हणालो, विळा नको, कोणाला लागेल, कात्री आणू.’’

मी हसत होतो. रूथबाई हसत नव्हती. तिने सूप खाली ठेवलं. ‘‘माझ्या बापाचा कापला तुम्ही,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या आजीने बांधलेला होता. काठावर सगळ्यांदेखत रडला तो. तुम्ही म्हणालात, पश्चात्तापाचं रडू आहे.’’

ती आत गेली. गुरुजी सुपातल्या तांदळाकडे पाहत म्हणाले, ‘‘त्या प्रेषितांच्या भांडणात मी इतकी वर्षं पेत्राच्या बाजूने वाचत आलो. आता कळलं की माझी खुर्ची समोरच्या बाजूला होती. त्यांच्याजवळ निदान देवाचं वचन होतं. माझ्याजवळ पेटीची किल्ली.’’

पुढच्या रविवारी त्यांनी मंडळीपुढे सगळं सांगितलं. ‘पहिला मुद्दा’ म्हणाले, अडखळले आणि मग मुद्दा सोडून सरळ गोष्टच सांगितली, बुचासकट. काही हसले. काहींचा हात नकळत कमरेकडे गेला. सायमन उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

‘‘मंग मन्हा कसाले कापा?’’ तो म्हणाला. त्याचा बाप लहानपणीच गेला होता. बापाने बांधलेला दोरा त्याने देवासाठी म्हणून दिला, आता तो किल्लीपायी गेला म्हणायचं का? पन्नास वर्षांत सगळ्यांनी दिला. आता एकट्या दित्याबाबाला सूट दिली तर बाकीचे वेडे ठरतील. तो चुकीचं बोलत नव्हता, तेच अवघड होतं.

गुरुजी त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात बोलले, पण चर्च इतकं गप्प होतं की पायरीपर्यंत ऐकू आलं. ‘‘सायमन, तू देवाला दिलंस ते देवाला पोचलं. खोटा मी होतो, तू नव्हतास. पण तुझं दुखलं म्हणून म्हाताऱ्याचंही दुखलं पाहिजे, असं नको करू.’’

पंच बसले. दोन तास बसले. रीत कशीही पडली असो, आता ती मंडळीची झाली, असं ठरलं. दित्याबाबाला बाप्तिस्मा हवा तर करदोटा काढावा. नाहीतर दफनभूमीत जागा नाही. गुरुजींवर मात्र आता भरवसा नव्हता, त्यामुळे चष्म्याची डबी सायमनकडे गेली. दित्याबाबाला निरोप सांगायला मीच गेलो. तो म्हणाला, मी नदीवर येईन, मग पाहू. त्याला जिने चढताना लागतो तसा दम बोलताना लागत होता.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी मीही डोहावर गेलो. तरुण पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि काठावरचं भांडण मिटण्याची वाट पाहत कुडकुडत होते. सायमन डबी घेऊन उभा. दित्याबाबा सदऱ्यावर दोन्ही हात दाबून उभा, पोट दुखत असल्यासारखा. सायमन त्याला म्हणाला, बाबा, वर कर. दित्याबाबाने पाण्याकडे पाहिलं, मग दफनभूमीच्या दिशेला पाहिलं, आणि त्याचे हात सदऱ्यावरून हळूहळू सुटायला लागले. तो द्यायला तयार झाला होता. ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात मागून गुरुजी आले. गर्दीतून वाट काढली, छत्री माझ्या हातात दिली, मनगटापासून गळ्यापर्यंत एकेक बटण काढलं आणि शर्ट रूथबाईकडे दिला. सत्तरीला टेकलेलं ते पांढरं, मऊ अंग गावाने प्रथमच पाहिलं. कमरेला कोरा करकरीत काळा करदोटा होता. रूथबाईने बांधलेला, आणि पन्नास वर्षांचा राग तिने गाठीत घातला असावा, कारण तो पोटात चांगलाच रुतला होता.

गुरुजी दित्याबाबाच्या पुढे जाऊन उभे राहिले. ‘‘रांग आहे,’’ ते सायमनला म्हणाले. ‘‘आधी माझा काप. पहिल्यांदा माझाच कापला होता, त्यामुळे नंबर माझा.’’

सायमनने डबी उघडली, कात्री बोटांत घातली. गुरुजींनी पोट आत घेतलं. या माणसाने सायमनचं बोट धरून त्याच्याकडून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं. कात्री दोऱ्यापर्यंत गेली, दोरा आणि कातडी यांत जागा शोधू लागली, जागा नव्हती. सायमन सरळ झाला. मग त्याने कात्री पँटच्या खिशात टाकली आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, ‘‘पाणी थंड शे गुरुजी. साहेब गारठी ऱ्हायनात. लवकर आटपा.’’

दित्याबाबा पाण्यात उतरला. पाळकसाहेबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याने थेट देवालाच उत्तर दिलं, तुझं ऐकीन, तुला सोडणार नाही, असं. वर आल्यावर त्याने आधी डोळे पुसले नाहीत. आधी कमर चाचपली.

त्यानंतर तो वर्षभर जगला. सायमन त्याला रविवारी मोटरसायकलवर बसवून चर्चला आणायचा, दोघं वाटेत एक अक्षर बोलत नसत. मंडळीत करदोट्याचं पुढे काय झालं ते मला नक्की सांगता येत नाही. काही अजूनही काठावर काढतात, काही काढत नाहीत, विचारलं तर विषय बदलतात. गुरुजींनी आपला काढला नाही. सैल करून द्यायला मात्र रूथबाईने सहा महिने लावले.

माझी शहाद्याला बदली झाली आणि सामानाचा टेम्पो भरून झाला त्याच दिवशी सकाळी दित्याबाबा गेला. मी निरोप घ्यायला दफनभूमीत गेलो. सुरतहून पोरं पोचायची होती, मंडळीचे चौघं खड्डा खणत होते. गुरुजी कुठे दिसेनात. जवळ गेलो तर खड्ड्यातून त्यांचं टक्कल आणि छत्रीचं टोक वर आलेलं दिसलं. ते आत उतरून छत्रीने बुधीबाईच्या बाजूच्या मातीचं अंतर मोजत होते आणि खणणारे वैतागून म्हणत होते की नियमाने मधे दोन हात सोडावे लागतात. गुरुजींना नियम माहीत होता. त्यांनी मला हात केला, म्हणजे निघ आता, टेम्पोवाला थांबायचा नाही, असा. मी वळलो. फाटकापर्यंत आलो तरी मागून त्यांचा वर्गातला आवाज ऐकू येत होता. ‘‘अजून वीतभर इकडे घ्या रे. म्हातारीला कानाने कमी ऐकू येतं.’’